शेतकऱ्याचा धीर कुणाच्या सोयीचा?

1 जुलैला कृषी दिन आणि 23 डिसेंबरला किसान दिन. या दोन्ही सकाळी फोन उघडला की शेतकऱ्यावरच्या सुविचारांचा नुसता पाऊस पडलेला असतो. पेरल्याशिवाय उगवत नाही. फळाची घाई करू नये. पीक गेलं तरी बळीराजा पुन्हा पेरतो, मग तुम्ही का खचता? सोबत उगवत्या सूर्यासमोर बैल हाकणाऱ्या माणसाचं चित्र. कोल्हापूरच्या सपाट भागात आता बैलजोडी बघायची तर बेंदराची मिरवणूक गाठावी लागते. बाकी वर्षभर ट्रॅक्टर आणि त्याचा हप्ता. पण चित्रातला माणूस काही बदलत नाही. शाळेच्या फळ्यावर, पतसंस्थेच्या कॅलेंडरवर, कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरात तो सगळीकडे सारखाच भेटतो. सोशिक, समाधानी आणि गप्प.

शेतकऱ्याच्या कामातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो निवडीचा. आपण त्याचे नेमके तेच गुण उचलतो, ज्यांचा फायदा त्याला सोडून बाकी सगळ्यांना होतो. धीर धरणाऱ्याचं बिल थकवता येतं. समाधानी माणसाला भाव पाडून मागता येतो. न खचणाऱ्याच्या रानाचा पंचनामा पूर ओसरल्यावर महिन्यानं झाला तरी कुणाचं बिघडत नाही, कारण तो पुन्हा पेरणारच आहे, नाही का? आणि वेळ ओळखणं, हिशोब ठेवणं, शेजाऱ्याशी भांडून का होईना वाटणी ठरवणं, हक्काचं असेल ते मागून घेणं, हे जे त्यानं रानात खरोखर कमावलं आहे, ते त्या सुविचारांत कधी येत नाही.

माझं मूळ घर करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठचं. मी नोकरीनं शहरात, शेती धाकटा भाऊ बघतो. सातबाऱ्यावर नाव आणि बांधावर पाहुणा, असा जो वर्ग कोल्हापुरात गल्लोगल्ली सापडतो, त्यातलाच मी. त्यामुळं शेतकऱ्याच्या वतीनं बोलायचा माझा अधिकार अर्धामुर्धाच. पण घरात ऊस आहे, गोठा आहे, सोसायटीचं कर्ज आहे. एवढ्या भांडवलावर थोडं बोलतो.

सुरुवात नदीपासून करू. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव अभियांत्रिकीच्या पुस्तकांत गेलेलं आहे आणि आपल्यातल्या अनेकांना तो फक्त ‘पाण्याखाली गेला, वाहतूक बंद’ या बातमीपुरता ठाऊक असतो. नदीपात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक बसवायचे बरगे. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी लावून मधे माती ठासत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी बरगे आले. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरच्या सुमाराला बरगे घालून पाणी अडवायचं आणि उन्हाळा सरता सरता, पहिल्या मोठ्या पावसाच्या आत काढून ठेवायचे. यंत्रणा एवढीच. अवघड आहे ती तारीख. लवकर घातले आणि परतीचा पाऊस जोरात आला, तर पाणी बरग्यांपाशी थांबत नाही, बाजूचा काठ कापून वाट काढतं, आणि काठाला ज्याचं रान असेल त्याची माती नदीत जाते. उशीर केला तर ज्या पाण्यावर एप्रिल-मे काढायचा ते पाणी कर्नाटकात पोचलेलं असतं. जूनमध्ये काढायला उशीर झाला तर बरग्यांना ओंडके, केंदाळ, कचरा तटतो, पाण्याला फुगवटा येतो आणि मग चढत्या पाण्यात ते जड लोखंड उपसून काढणं म्हणजे जिवाशी खेळ.

बरगे घालायच्या दिवसांत गावातल्या कट्ट्यावर बसून बघा. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ज्यांचे पंप आहेत त्यांना पाणी आजच अडायला हवं असतं, खालच्या अंगाच्यांना अजून आठवडाभर वाहायला हवं असतं. पाटबंधाऱ्याच्या माणसाला फोन जातात, कुणी मुंग्यांच्या अंडी हलवण्यावरून पावसाचा अंदाज सांगतो, कुणी मोबाईलवरचा हवामानाचा नकाशा दाखवतो, आवाज चढतात. यात सुविचारातला धीर कुठंच नसतो. असतो तो अंदाज, आणि अंदाज चुकला तर नुकसान कुणाचं होईल याचं पक्कं भान. पाणी अडवायचं किती, कुणासाठी आणि कोणत्या दिवशी सोडून द्यायचं, हा निर्णय काठावरचा माणूस दर वर्षी घेतो किंवा घ्यायला लावतो.

शहरानं यातलं काय घेतलं? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तेवढंच चढलं. तेव्हा सगळं शहर अलमट्टी, कोयना आणि राधानगरी धरणांच्या दारांची चर्चा करत होतं. ती चर्चा करायलाच हवी. पण नदीकाठच्या गावात मळीचं रान नावाचा प्रकार असतो. पावसाळ्यात हमखास पाण्याखाली जाणारं, गाळ मिळाल्यामुळं कसदार झालेलं रान. त्या रानात ऊस करतील, गवत करतील. घर कुणी बांधत नाही. घर वर, गावठाणात. कोल्हापूर शहरात मात्र पूररेषेच्या आत मुरमाचा भराव टाकून त्यावर बंगले आणि मंगल कार्यालयं उभी राहिली. नदीला पसरायला जी जागा लागते ती तिला ठेवायची, हे खेड्यातल्या निरक्षर माणसालाही कळत होतं. आराखडे करणाऱ्यांना ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं; भराव तरीही पडला.

आता कष्टाकडे येऊ, कारण ‘शेतकऱ्यासारखे कष्ट करा’ हा दुसरा लाडका उपदेश. शेतीपंपाला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की भाऊ बॅटरी आणि काठी घेऊन जातो, सऱ्यांना दारं धरतो, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवत जातो. उसाच्या फडात रात्री पाणी पाजणं म्हणजे पायाखाली चिखल, अंगाला पात्यांचे काप, आणि साप कुठं असेल ते सांगता येत नाही. राधानगरी, भुदरगड, पन्हाळ्याकडे गव्याची भीती वेगळी. यातल्या कष्टाचं कौतुक करायला काहीच लागत नाही. दिवसा वीज द्यायला लागते. 2022 च्या फेब्रुवारीत दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात शेतकरी धरण्याला बसले, तेव्हा ज्यांच्या कॅलेंडरवर बळीराजाचं चित्र होतं त्यांतल्या बऱ्याच जणांना रस्ता अडल्याचा त्रास झाला. रात्री दोन वाजता पाणी पाजणारा आपल्याला आदर्श वाटतो आणि तेच पाणी दिवसा पाजू द्या म्हणणारा आंदोलक वाटतो. माणूस एकच आहे.

त्याच पाण्याच्या पाळीत शिकण्यासारखं खरं काय आहे ते सांगतो. आमच्या जिल्ह्यात नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत. कुणाचं दहा गुंठे, कुणाचं चार एकर, पण पाइप एक आणि मोटरही एक. पाणी सोडणारा पाटकरी पाळी लावतो. पाळी मोडली की शिव्या, कधी डोकी फुटतात, वार्षिक सभेत खुर्च्या उडतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळी लागते, कारण एकट्यानं नदीतून पाणी आणायची ऐपत कुणाचीच नसते. एकमेकांवर प्रेम असायची गरज न ठेवता चालणारा हा सहकार आहे. ‘गावात सगळे गुण्यागोविंदानं राहतात’ या गोड समजुतीपेक्षा मला तो जास्त मोलाचा वाटतो. शहरातल्या अपार्टमेंटच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन घरं बोलायची बंद होतात आणि लिफ्ट तीन महिने दुरुस्तीविना पडून राहते. भांडूनही काम चालू ठेवायची कला तिथं कुणी शिकवलेली नसते.

पैऱ्याबद्दल फार लिहिलं गेलंय म्हणून थोडक्यात. आज माझ्या रानात तुमचं घर भांगलायला, म्हणजे तण काढायला आलं, उद्या तुमच्या रानात माझं घर. पैसे नाहीत, वही नाही, पण कुणाचा किती पैरा फिटायचा राहिलाय ते बायकांना तोंडपाठ. हे सगळं सुंदर दिसतं. त्यात एक खोच आहे: भांगलण, गोठा, धारा, वैरण हे बहुतेक बायका करतात आणि सातबाऱ्यावर नाव बहुतेक पुरुषांचं असतं. शेतकऱ्याचं चित्र काढताना आपण मिशा काढतो, त्यातच पुष्कळ काही आलं. गोकुळ या जिल्ह्याच्या दूध संघाचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि घरचा बाजार, पोरांची फी, दवाखाना त्यावर भागतो. उसाचे पैसे एकरकमी, त्यांतून सोसायटी भागवायची, लग्न करायचं, घराचा स्लॅब टाकायचा. एक पैसा लांबचा आणि एक जवळचा, अशी विभागणी या घरांनी कुठल्याही गुंतवणूक सल्लागाराला न विचारता केली. आणि त्यातला जवळचा पैसा, ज्यावर चूल पेटते, तो शेण काढणाऱ्या हातांनी मिळवलेला असतो.

आता ऊस. धीराचा मुद्दा इथं नीट तपासता येतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये करायची, म्हणजे तुटायला सोळा-अठरा महिने. एवढी वाट बघायला लागते, हे खरं आहे. निसर्गाची वाट बघण्याबद्दल कुठल्याही शेतकऱ्याची तक्रार नसते. कांडीचा डोळा कधी फुटतो, भरणी कधी करायची, हे त्याला ठाऊक आहे आणि त्या काळात तो हात जोडून बसलेला नसतो. तक्रार सुरू होते ती माणसांनी लादलेल्या वाट बघण्यापासून. पाळीपत्रकाप्रमाणं तोड यायला हवी ती येत नाही. चिटबॉय म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, त्याच्या मागं फिरायचं. ऊस तुऱ्याला येतो, वजन घटतं. तोडणीची टोळी आली की खुशालीचे वरचे पैसे, ट्रॅक्टर भरला की ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे त्याचेही वरचे पैसे. (टोळीतला माणूस बीडकडून बायकापोरांसह येऊन पालात राहतो, मुकादमाच्या उचलीखाली दबलेला असतो, त्याच्यावर राग काढून काही होत नाही. त्याच्याही सोशिकपणाचे सुविचार अजून कुणी काढलेले नाहीत, हे त्याचं नशीब.) मग वजनकाट्याची शंका. आणि शेवटी बिल.

या बिलाबद्दल कायदा अगदी सरळ आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वार्षिक 15 टक्के व्याज. 2009 पासून जो किमान दर ठरतो त्याला एफआरपी म्हणतात. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागं 355 रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. कोल्हापूरचा उतारा चांगला, त्यामुळं इथं हे दशांश महत्त्वाचे. फडात उभा असलेला माणूस हे आकडे घडाघडा सांगतो, तोडणी-वाहतूक वजा करून हातात काय येईल तेही सांगतो. अडाणी शेतकरी, हिशोब कळत नाही, असं अजूनही ज्यांना वाटतं त्यांनी जयसिंगपूरला उसाच्या दरासाठी शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते, तिथं एकदा पाठीमागं उभं राहून ऐकावं.

फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारनं या 14 दिवसांवर तोडगा काढला. एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची. पहिला हप्ता आधी ठरवून दिलेल्या उताऱ्यावर, उरलेलं हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा निघाल्यावर. सरकारी कागदावर छापलेला तो एक सुविचारच होता: फळाची घाई करू नये. शेतकरी नेते राजू शेट्टी या आदेशाविरुद्ध न्यायालयात गेले आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. शेट्टींचं राजकारण कुणाला पटो न पटो, माझंही सगळं पटत नाही. पण तीन वर्षं राज्यभरच्या शेतकऱ्यांनी सुविचारात सांगितल्याप्रमाणं नुसता धीर धरला असता, तर तो आदेश आज कायम असता. कारखान्यांचीही बाजू आहे. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 पासून किलोला 31 रुपयांवर थांबली आणि उसाचा दर वर्षागणिक चढत गेला, त्यामुळं बँकेकडून उचल घेऊन बिलं भागवायची वेळ त्यांच्यावर येते. मान्य. पण ती अडचण सोडवण्यासाठी वाट बघायची पाळी आपसूक ज्याच्यावर जाते तो शेतकरीच का, या प्रश्नाला मला अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही. बँक थांबत नाही, खताचा दुकानदार थांबत नाही, ड्रायव्हर तर एंट्री घेतल्याशिवाय गिअर टाकत नाही.

गुऱ्हाळात मात्र थांबणं हा गुन्हा असतो. ज्यांनी चालू गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर मोठी काहील, त्यात उसाचा रस. रस तापला की मळी वर येते. रानभेंडीचा चिकट रस घातला की ती गोळा होते आणि झाऱ्यानं काढून टाकता येते. मग आधण चढतं, फेस उसळतो, वास बदलतो, बुडबुडे लहानाचे मोठे, मोठ्याचे जाड होतात. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, थोडा पाक पाण्यात टाकतो, बोटांत धरून गोळी करतो. गोळी मऊ आहे तोवर जाळ चालू. टणक झाली की ओरडतो, चार माणसं काहील उचलून वाफ्यात ओततात. मधे मिनिटभराचा फरक पडला तरी गूळ चिकट राहतो किंवा करपतो. हातात तापमापक नाही. बोटांना आहे ते माप. या माणसाला गुऱ्हाळमालक अरेतुरे करत नाही, आणि त्याचा शब्द कुणी ओलांडत नाही.

हे बघून कुणी ‘अनुभव हाच गुरू’ असं लिहील. लिहू दे. मला या गुळातून दुसरीच गोष्ट दिसते. शाहूपुरीची गूळ बाजारपेठ शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवली, पाडव्याला अजून मुहूर्ताचे सौदे निघतात, कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. पण सौद्यात रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, भाव ठरतो तो बराचसा रंगावर. पिवळाधमक रवा वर, तांबूस-काळपट खाली. नुसता भेंडीनं साफ केलेला, काही न घातलेला गूळ साहजिकच गडद होतो. म्हणून पाकात रंग उजळायची पावडर पडायला लागली, कुठं साखरही मिसळायला लागली. मग तपासणी, मग धाडी, मग वर्तमानपत्रात भेसळखोर गुऱ्हाळाची बातमी. धाड घालावीच. पण वर्षानुवर्षं आपण पिवळ्याला जास्त पैसे मोजले आणि खरा गूळ काळा म्हणून बाजूला सारला, ही बातमी कधी आली नाही. आता तोच गडद गूळ ‘सेंद्रिय’ असं लेबल लावून मॉलमध्ये दुप्पट भावात मिळतो, आणि ज्यानं तो सुरुवातीपासून तसाच केला त्याचं गुऱ्हाळ तोवर बंद पडलेलं असतं. शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्यांनी आपण गूळ कसा निवडतो तेही त्या धड्यात घालावं.

आता शेतकऱ्याच्या चुकीकडं. त्याला देव्हाऱ्यात बसवलं की ती दिसेनाशी होते आणि शिकण्यासारखं तर तिच्यात फार आहे. शिरोळ तालुका घ्या. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा, चार नद्यांचं पाणी आणि काळीभोर जमीन. उपसा योजना आल्या, उसाला पाणी मिळालं, आणि मिळतंय म्हणून दिलं. पाळी आली की रान भिजलेलं असलं तरी पाजायचं, कारण पाळी सोडली तर परत कधी येईल सांगता येत नाही. वर रासायनिक खतांचा मारा. पाणी निघून जायचे जुने चर आणि ओढे पिकाखाली दाबले गेले, बांध रुंद ठेवायची रीत गेली. जमिनीखालचं पाणी वर वर येत राहिलं आणि त्याबरोबर क्षार. पहिल्यांदा उसाचं टनेज कमी झालं. मग फुटवे पिवळे. मग उन्हाळ्यात रानावर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटलं, आणि एक दिवस त्या सोन्यासारख्या जमिनीत गवतसुद्धा येईना. हजारो एकर असे गेले.

हा नुसता हावरेपणा म्हणायचा का? उसालाच सगळे का चिकटले, तर कायद्यानं दर ठरलेला आणि हमखास गिऱ्हाईक असलेलं दुसरं पीकच नाही. टोमॅटो, कोबी रस्त्यावर ओतायची वेळ येते, सोयाबीन दोन दिवस पाण्यात राहिलं की कुजतं, ऊस पुरातही शेंडा वर राहिला तर तग धरतो. शिवाय पाण्याची आकारणी एकरावर, तुम्ही किती पाजलं याचा हिशोब कुणी मागत नाही. म्हणजे ज्यानं जमीन बिघडवली तो वेडा नव्हता, समोर जे नियम होते त्यांत शहाणपणानंच वागत होता. प्रत्येक जण आपापल्या बांधाच्या आत बरोबर होता आणि सगळं शिवार मिळून चुकलं.

यावरचा उपाय आता शिरोळमध्येच दिसतो. तिथल्या दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं क्षारपड सुधारणेचं काम मोठ्या प्रमाणावर घेतलं. जमिनीखाली उतारानं सच्छिद्र पाइप गाडायचे, त्यांत झिरपलेलं खारं पाणी मुख्य पाइपात आणायचं आणि तिथून ओढ्याला सोडायचं. तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते सगळ्यांना तयार करणं. माझ्या रानातला निचरा तुमच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. मधल्या एकानं ‘माझ्या रानात चर मारायचा नाही’ म्हटलं की वरचे सगळे खारे. ज्या भावकीत बांधावरून दिवाणी दावे चालू आहेत, तिला एका पाइपावर राजी करायचं म्हणजे काय दिव्य असतं ते गावात राहिलेल्यालाच कळेल. तरी ते होतंय. पड पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला आहे, आणि या वेळी पाणी किती द्यायचं यावर निदान बोलणं तरी सुरू झालं आहे.

माझे एक शिक्षक मित्र म्हणतात, तुमचं सगळं खरं, पण लहान मुलांना बंधारे आणि एफआरपी सांगून काय करायचं? त्यांना चांगले संस्कार द्यायचे तर शेतकऱ्याचे कष्ट आणि धीरच सांगावा लागतो. मला हे पटत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या निम्म्या वर्गाच्या घरी गोठा असतो. पहाटे आईला धारा काढताना बघून आलेल्या पोराला कष्टाचं महत्त्व फळ्यावर वाचून काय नव्यानं कळणार आहे? उलट त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की होते, की हे काम म्हणजे सोसणं आहे आणि हुशार माणूस यातून बाहेर पडतो. गावातली पोरं शेतीत थांबत नाहीत, शेतकरी नवऱ्याला मुलगी मिळत नाही, याची कारणं मोठी आहेत. पण सोसण्याचं गुणगान हा त्यातला एक वाटा आहे असं मला वाटतं. ज्या कामात डोकं लागतं, वाटाघाट लागते, हिशोब लागतो, असं कधी सांगितलंच नाही, त्या कामाकडं हुशार पोर का वळेल?

म्हणून ऑक्टोबरमध्ये एखाद्या दिवशी वर्ग उचलून बंधाऱ्यावर न्यावा आणि बरगे घालायची तारीख कुणी, कशी ठरवली ते तिथल्या माणसांकडूनच ऐकवावं. दोन्ही अंगांच्या गावांची बाजू ऐकवावी. भूगोलाच्या तासाला शिरोळच्या मिठाची गोष्ट सांगावी, त्यात कुणालाही खलनायक न करता. आणि सातवी-आठवीच्या गणिताला सरळव्याजाची उदाहरणं असतातच. रामरावांनी बँकेत ठेवलेल्या पैशांऐवजी एक उदाहरण असंही घालता येईल. समजा, एका शेतकऱ्याचा 60 टन ऊस गेला, टनाला 3,300 रुपये दर धरला, आणि बिल 14 दिवसांची मुदत संपल्यावर आणखी 45 दिवसांनी जमा झालं. द.सा.द.शे. 15 दरानं त्याला किती व्याज मिळायला हवं? उत्तर सुमारे 3,662 रुपये येतं. पोरांनी ते वहीत काढावं, घरी जाऊन वडिलांना दाखवावं आणि हे व्याज आपल्याला कधी मिळालंय का ते विचारावं. मी आमच्या घरी विचारलं. भाऊ हसला आणि म्हणाला, “आदी बिल तर ईऊ दे.”